चूलबंद आवतण

१

साखर कारखान्यांतल्या केमिस्ट मंडळींची परिषद समुद्रकाठी भरवायची, ही टूम कुणी काढली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण एकदा निघाल्यावर तिला नको म्हणणारा माणूस सातारा-सांगलीत सापडला नाही. गाळपाचा हंगाम संपलेला, चैत्राचं ऊन तापायला लागलेलं, आणि वर्षभर मळीच्या वासात नाक घालून बसलेल्या या माणसांना सरकारी खर्चानं नसला तरी संघटनेच्या खर्चानं वारा खायला मिळत होता. पाटणवरून घाट उतरून बस ज्या शहरात गेल्या, त्याचं नाव मी सांगत नाही. शहर जुनं आहे, बंदराचं आहे, तिथली माणसं भली आहेत. त्यांना उगाच त्रास नको.

या केमिस्टांतल्याच एकीच्या, उंब्रजच्या संयोगिताच्या गळ्यात 'सामाजिक कार्यक्रम' पडले. सकाळी पुरुषांनी निबंध वाचायचे आणि संध्याकाळी पाहुण्यांचं मन रमवायचं काम बाईनं करायचं, असा आपला साधा हिशेब. संघटनेचे सचिव जयराज म्हणाले होते, तुमच्याइतकं नीटस कुणाला जमणार? ती हसली आणि कामाला लागली. जुन्या शहराची पायी सैर, खाडीतला होडीचा फेरा, आणि शेवटच्या संध्याकाळी गावाकडच्या पद्धतीची पंगत, असा बेत तिनं आखला. जमिनीवर बसायचं, केळीच्या पानावर जेवायचं. आख्खा मसूर, भाकरी, खर्डा, लापशी. स्वयंपाकाला इस्लामपूरचा नईम आपली माणसं घेऊन आला होता.

तिचं अर्धं चित्त मात्र घरीच होतं. नवरा वीरधवल फौजेत, दूर सरहद्दीवर. घरात सासूबाई अंजना, ज्यांना ती आत्या म्हणायची, आणि सात वर्षांची राजेश्वरी, सगळ्यांची राजू. ही पोर दिवाळीपासून जेवेनाशी झाली होती. ताप नाही, जंत नाही, रक्ताचे रिपोर्ट चांगले. नुसती जेवत नव्हती. घास तोंडात धरून बसायची आणि मागीलदारी जाऊन टाकून यायची. तिच्या फ्रॉकांच्या कमरेला संयोगितानं आतापर्यंत दोनदा टाके घातले होते. दुसऱ्याच्या पोरांना खाताना पाहिलं की हल्ली ती त्यांचे घास मोजत राहायची.

पोचल्या पोचल्या तिनं घरी फोन लावला आणि नेहमीचंच विचारलं. जेवली का?

"चतकोर खाल्ली," सासूबाई म्हणाल्या. "तू तुजं काम बग. मी हाय न्हवं."

२

सैर करवायला नाथाजी नावाचा इथलाच एक निवृत्त मास्तर होता. माणूस बोलका. कुठल्या धक्क्याला कोणत्या मुलखाची गलबतं लागायची, कुठल्या गल्लीत दोरखंड वळायचे, कुठल्या विहिरीचं पाणी जहाजांवर चढायचं, सगळं त्याच्या जिभेवर. केमिस्ट मंडळी निम्मी ऐकत होती, निम्मी फोटो काढत होती, आणि काहीजण सोलकढी कुठं मिळते ते शोधत होते.

फिरत फिरत सगळे जुन्या जकात कचेरीपाशी आले. पंगत इथंच बसायची होती. इमारत अलीकडेच दुरुस्त केलेली, पुढं फरसबंद अंगण, अंगणाच्या एका अंगाला काळ्या दगडाची भिंत आणि भिंतीपलीकडं समुद्र. भिंतीला लागूनच एक बुटकं कौलारू घर होतं. दाराला कुलूप. कौलं काही ठिकाणी खचलेली.

त्या कौलांतून धूर येत होता.

फार नाही. सकाळच्या चुलीचा येतो तेवढा, पातळ आणि निळसर. संयोगितानं नाथाजीला विचारलं की इथं कोण राहतं. तो म्हणाला, कुणी नाही, घर माझ्या लहानपणापासून बंद आहे.

"मग धूर?"

नाथाजीनं घराकडं पाहिलं नाही. तो मंडळींना घेऊन दीपस्तंभाकडं चालू लागला, आणि एवढा बोलका माणूस पुढच्या वळणापर्यंत गप्प राहिला.

तिनं मनाशी उत्तर शोधलं. मागच्या बाजूनं कुणी भाड्यानं राहत असेल. पुढचं दार कुलूपबंद ठेवून मागून वावरणारी घरं उंब्रजच्या पेठेत काय कमी आहेत? गरीब माणसं असतील, मालकाला न सांगता राहत असतील, म्हणून नाथाजी बोलत नसेल. उत्तर चोख होतं. प्रयोगशाळेत एवढ्यावर तिनं सही केली असती.

३

आता इथं तिची चूक झाली. चूक म्हणावी तरी कशी, हा प्रश्नच आहे. ती जिथं वाढली आणि जिथं नांदली तिथं याला रीत म्हणतात.

आपल्याकडं जेवणाची बोलावणी दोन तऱ्हांची. एक घरटी माणूस, म्हणजे प्रत्येक घरातून एकानं यायचं. दुसरं चूलबंद. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, म्हातारंकोतारं, लेकरूबाळ, आला-गेला, सगळ्यांनी आपल्याकडं जेवायचं. असं आवतण अक्षता देऊन करतात. घराला कुलूप असलं तरी बोलावणारा परत फिरत नाही. उंबऱ्यावर अक्षता ठेवायच्या आणि बोलायचं. ऐकायला कुणी असो नसो, आवतण पोचलं असं धरतात. आणि ज्याच्या दाराशेजारी आपण मोठा जाळ करणार, गावाला वाढणार, त्या शेजाऱ्याला वगळून पंगत बसवणं यासारखा हलकटपणा नाही. संयोगिताच्या सासूबाईंनी एकदा अबोला धरलेल्या भावकीलासुद्धा याच कारणानं अक्षता पाठवल्या होत्या.

पंगतीच्या दिवशी सकाळी नईमची माणसं अंगणात चुलाणं मांडत होती. धूर कालच्यासारखाच कौलांतून वर चालला होता. पाहुण्यांच्या स्वागतासाठी कुंकवात भिजवलेल्या अक्षतांचा डबा संयोगिताच्या हातातच होता. तिच्या मनात आलं, आपण इथं डेगी चढवणार, वास भिंतीपलीकडं जाणार, आणि तिथं कुणाचं तरी पोर उपाशी बसलेलं असणार. पोर हा शब्द मनात आला आणि मग तिला राहवलं नाही.

ती त्या दारापुढं गेली. चिमूटभर अक्षता उंबऱ्यावर ठेवल्या. आत कुणी लपून राहत असेल तर भिऊ नये म्हणून आवाजात गोडवा आणून तिनं आपल्या गावच्या बोलीत सांगितलं.

"आज सांच्याला आमच्याकडं जेवाय यायचं. चूलबंद आवतण हाय. घरातलं कुणीबी मागं ठेवू नका."

आतून काही आवाज आला नाही. ती चार पावलं चालून वळली. सहज वर पाहिलं तर कौलांवरचं आभाळ स्वच्छ होतं. धूर थांबला होता.

४

पंगत झकास जमली. दिवे लागले, समुद्रावरून गार वारा सुटला. दिवसभर तक्ते दाखवून घसा बसलेली माणसं मांडी घालून बसली आणि शाळेतल्या पोरांसारखी 'इकडं वाढा, इकडं वाढा' करू लागली. एक तासगावचा केमिस्ट खर्डा मागून मागून घेत होता आणि डोळे पुसत होता. जयराज सगळ्या रांगांमधून मिरवत होते.

"तुमचे इथले पाहुणेही आले वाटतं," ते संयोगिताला म्हणाले. "छान केलंत."

तेव्हा तिनं भिंतीकडं पाहिलं. तिथं पानं मांडलेली होती खरी, उशिरा येणाऱ्यांसाठी. त्या पानांवर आता माणसं बसली होती. दिव्याचा उजेड तिथं जेमतेम पोचत होता. बाया, बापे, लेकरं, सगळी माना खाली घालून जेवत होती. कुणी बोलत नव्हतं. पोरंसुद्धा चुळबुळत नव्हती. घास उचलत होती, खात होती, पुन्हा उचलत होती.

तिला बरं वाटलं, हे सांगायलाच हवं. अन्न असं मन लावून खाताना तिनं कितीतरी दिवसांत कुणाला पाहिलं नव्हतं. ती स्वतः भाकरीची परडी घेऊन त्या रांगेत गेली. वाढत गेली आणि भाकरी संपत गेल्या. रांग वाटली होती त्याहून लांब निघाली. टोकाला डोईवरून पदर घेतलेली एक म्हातारी बसली होती. तिच्या लुगड्याचा काठ ओला होता. समुद्राकडच्या बाजूनं आली असेल, संयोगिताला वाटलं.

"तुम्ही नाही बसलात?" म्हातारीनं मान वर न करता विचारलं.

घरचं माणूस शेवटी बसतं, संयोगिता म्हणाली.

"मग तुमचं पान राहिलं."

"राहू द्या की. कधीतरी तुमच्याकडं जेवीन."

म्हातारीनं घास घेतला. मग घरी कोण कोण असतं ते विचारलं. संयोगितानं सांगितलं. का सांगितलं ते तिला कळलं नाही, पण ओठावर होतंच ते बाहेर पडलं. मुलगी काही म्हणजे काही जेवत नाही हो, ती म्हणाली.

"आमच्यात बसली की जेवेल."

"आणते की एकदा," संयोगिता म्हणाली.

असली वाक्यं आपण दिवसातून कितीदा बोलतो. येतो, जेवतो, आणतो. ती बोलायची असतात. पाळायची असतात असं कुणी धरत नाही, निदान आपल्यात तरी.

परडी भरून आणायला ती मागं वळली आणि अंगणाच्या दाराशी तिची नजर गेली. ही तिच्या मामंजींची शिकवण. वाढणाऱ्यानं अधूनमधून दारातल्या चपलांचा ढीग बघायचा. ढीग वाढला की चुलीवर आधण वाढवायचं. माणसं मोजू नयेत, चपला बघाव्यात. दारात बूट होते, सँडल होत्या, सगळ्या कारखानदारी मंडळींच्या. पंगत बसली तेव्हा होत्या तेवढ्याच. ढीग जराही वाढला नव्हता.

कोळ्यांची माणसं अनवाणी असतील, तिनं स्वतःला समजावलं. परडी भरून ती परत आली तेव्हा भिंतीकडची रांग उठून गेली होती.

५

"ताई, गणित बसंना बगा," नईम म्हणाला. तो चुलाणं विझवत होता. आयुष्यभर पंगती घालणाऱ्या माणसाचा अंदाज चुकल्यावर होतो तसा त्याचा चेहरा झाला होता. "मानसं आपलीच. चपला बघूनच मी डेग उतरवली. तरी मसूर तळाला गेला. माजी पोरं उपाशी ऱ्हायली."

संयोगिता म्हणाली, इथले काही लोक जेवले ना, त्या भिंतीकडं. नईमनं तिच्याकडं पाहिलं आणि त्या बाजूची पानं दाखवली. त्याच्या माणसांनी ती अजून उचलली नव्हती. पानांवर उष्टं नव्हतं. मसुराचा ओघळ नव्हता, भाकरीचा तुकडा नव्हता, बोटांचा माग नव्हता. मांडताना होती तशीच स्वच्छ आणि कोरडी होती.

"हितं आमी वाढलंच न्हाई," तो म्हणाला. "कोन बसलंच नव्हतं."

तिनं जयराजना गाठलं. ते म्हणाले, मी तर नाथाजी मास्तरांच्या घरच्यांबद्दल बोललो, ती मंडळी पहिल्या रांगेत होती. भिंतीकडं? तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

खोलीवर जाऊन ती विचार करत बसली. परडी घेऊन ती तिकडं गेली होती, हे खरं. भाकरी संपल्या, हे खरं. दोन दिवसांची दगदग, डोक्यात पोरीचा घोर, अंधूक उजेड. थकलेल्या डोळ्यांना भरल्या पानावर माणसं दिसणं अशक्य नाही. पण पानं भरलेली नव्हतीच, मग दिसलं कशावर, इथं येऊन विचार अडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

सकाळी बस सुटायच्या आधी ती त्या दारापाशी जाऊन आली. कुलूप गंजून दाराशी एकजीव झालेलं होतं. उंबऱ्यावर अक्षता नव्हत्या. चिमण्यांनी खाल्ल्या असतील. कौलांवर धूर नव्हता.

नाथाजी निरोप द्यायला आला होता, पण अंगणात पाऊल न टाकता रस्त्यावरच उभा राहिला. तो कौलांकडं बघत होता. या वेळी नजर चुकवत नव्हता.

"मॅडम, तुम्ही तिथं काय बोललात?"

तिनं सांगितलं. चूलबंद म्हणजे काय तेही सांगितलं.

"म्हणजे सगळ्यांना?" त्यानं विचारलं.

"हो. तशी रीत आहे."

"आमच्यात अशी रीत नाही," नाथाजी म्हणाला. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला आणि तिला पळावं लागलं.

६

परतीच्या बसमध्ये भेंड्या सुरू होत्या. समुद्र मागं पडला तशी संयोगिताच्या छातीवरची धोंड हलकी झाली. घाट चढताना मोबाइलला रेंज नव्हती. पाटण आलं तसा तिनं फोन लावला आणि तेच विचारलं. जेवली का?

"अजून कुठलं जेवान," सासूबाई म्हणाल्या. आवाज खुशीत होता. "आज चूल पेटवलीच न्हाई मी. आवतण आलंया आपल्याला. तू आलीस की जायाचं."

चैत्राचे दिवस, लग्नसराई, यात्रा-जत्रा. उंब्रजला रोज कुणाचं तरी आवतण असतंच. संयोगितानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कुणाचं?"

"एक म्हातारी आलती. अक्षता दिऊन गेली. चूलबंद हाय म्हणली."

"कुठली म्हातारी, आत्या? नाव काय?"

"इचारलं की. तर म्हणली, तुमच्या सुनंला ठावं हाय." सासूबाई थांबल्या. "आमी तुमच्यात जेवलोय, आता तुमी यायचं, आसंबी म्हणली. मला वाटलं तुज्या कारखान्यातल्या कुनाची आय आसंल."

मागं कुणीतरी गाणं चुकलं आणि सगळे हसले. संयोगितानं सासूबाईंना सांगितलं की कुठं जाऊ नका, राजूला दाराबाहेर सोडू नका. सासूबाई म्हणाल्या, आता तू येईस्तवर कशाला जातोय. मग फोन तुटला.

राहिलेली वाट तिनं खिडकीला कपाळ टेकून काढली. डोकं चाललं होतं, आणि ते तिच्या बाजूनं बोलत होतं. नाथाजीनं कुणाला सांगितलं असेल. नईमच्या माणसांनी चेष्टा केली असेल. कारखान्यातल्या कुणाची आई असेल, सासूबाई म्हणतात तशी. तिनं एकेक शक्यता उचलून पाहिली आणि एकीचाही तिला आधार वाटला नाही.

७

हायवेवरून आत वळलं की त्यांच्या परसातला धूर दिसायचा. सासूबाई गॅसला पाण्याइतकीसुद्धा किंमत देत नसत. त्यांची भाकरी चिपाडाच्या जाळावरच. आज परसावरचं आभाळ मोकळं होतं.

उंबऱ्यावर चार लाल तांदूळ होते. ते ओले होते. दाराशी चपला ओळीनं होत्या, सासूबाईंच्या आणि शेजारी राजूच्या छोट्या, निळ्या पट्ट्यांच्या. संयोगिता आत धावली. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या होत्या. राजू सोप्यावर झोपाळ्याला धरून उभी होती. तिला जवळ ओढून संयोगितानं तिच्या केसांत तोंड खुपसलं. मग ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

आवतण मोडायची एकच रीत तिला ठाऊक होती. आपल्या घरात विस्तव पेटवायचा.

"अगं, काय करतीस?" सासूबाई मागं आल्या. "चूलबंद सांगितलंय. अन्नाला न्हाई म्हणू नये."

लायटर पहिल्यांदा लागला नाही, दुसऱ्यांदाही नाही. मग गॅस भक्कन पेटला. निळी ज्योत बघून तिला रडू आलं. तिनं परातीत पीठ घेतलं, मळलं, थापलं, तव्यावर टाकलं. खमंग वास घरभर सुटला. आता या घरात चूल पेटली आहे, आता कुणाचं काही चालणार नाही, असं ती मनात पुन्हा पुन्हा म्हणत होती. राजू दारात येऊन उभी राहिली. तिचे गाल भरल्यासारखे दिसत होते. डोळ्यांत तकाकी होती. कितीतरी महिन्यांत पोर अशी दिसली नव्हती.

"बस बाळा. गरम भाकरी देते."

"नको मम्मी. मी जेवलीया."

संयोगिताचा हात परातीत तसाच राहिला.

"कुठं?"

"त्या आज्जीकडं. आपली आज्जी सांडगं घालीत होती तवा."

सासूबाई म्हणाल्या, काय बी बोलतीया, अंगणाच्या भाईर पाय टाकला न्हाई पोरीनं, चपला बग की जागच्या जागी हायत्या. संयोगितानं चपला आधीच पाहिल्या होत्या. आता तिनं पोरीच्या पायांकडं पाहिलं. अनवाणी तळव्यांना, बोटांच्या बेचक्यांत, बारीक पांढरी रेती चिकटली होती. कृष्णेची रेती काळी असते.

"काय जेवलीस?"

"मसूर. आख्खा मसूर आन भाकरी." राजूनं पोटावरून हात फिरवला. "लय माणसं होती. कुनी बोलत न्हाई तितं. मी समदं खाल्लं, मम्मी. पान बी साफ केलं."

सात वर्षांची ती पोर इतकी आनंदात होती की तिला रागावणं कुणालाही जमलं नसतं. संयोगितानं पिठाच्या हातांनी तिचा चेहरा धरला. आता परत तिथं जायचं नाही, ती म्हणाली, कुणीही बोलावलं तरी नाही. राजूनं मान हलवली.

"मला न्हाई बोलावलं आता. तुजं पान झाकून ठेवलंय म्हणली. गार व्हायच्या आत आईला धाड." ती जरा थांबली, नीट आठवून सांगावं तशी. "तू न्हाई आलीस तर मग रोज मलाच वाढणार हाय ती."

बाहेर कुणाच्या चपला वाजल्या नाहीत, पण अंगणात कुणीतरी थांबलेलं होतं. घाई नसलेलं, न्यायला आलेलं माणूस थांबतं तसं.

तव्यावरची भाकरी एका अंगानं अजून कच्ची होती. संयोगितानं हात लांबवला आणि गॅस बंद केला.